रिकाम्या पेटीची गोष्ट

सन १९७७ च्या नाताळांत अमेरिकेंतील असंख्य मुलांच्या हातीं पुठ्ठ्याचें एक सपाट पाकीट पडलें. त्याच्या वरच्या बाजूस आकाशयानांचीं व योद्ध्यांचीं रंगीत चित्रें होतीं. परंतु आंत खेळणें म्हणून कांहींच नव्हतें. घडी उलगडून उभी करावयाची पुठ्ठ्याची एक मांडणी, चिकटवावयाचीं कांहीं चित्रें, एका मंडळाच्या सभासदत्वाचें कार्ड आणि एक प्रमाणपत्र, एवढाच काय तो ऐवज. हें प्रमाणपत्र भरून कारखान्याकडे टपालानें पाठवावें, म्हणजे पुढील वर्षीं फेब्रुवारी ते जून या अवधींत चार लहान बाहुलीं घरपोंच येतील, असें आश्वासन त्यावर छापलेलें होतें. सुमारें १० डॉलर मोजून लोकांनीं हें आश्वासन विकत घेतलें. गिऱ्हाइकानें माल आधीं न्यावा आणि पैसे मागाहून द्यावे, हा उधारीचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. येथें गिऱ्हाइकानें पैसे आधीं दिले आणि कारखानदारानें मालच उधार ठेवला! वर्तमानपत्रांनीं या रिकाम्या पेटीची पुष्कळ थट्टा केली. पण मुलांनीं ती उशाशीं घेऊन वाट पाहिली.

त्या चार बाहुल्यांची उंची चार इंचांच्या आसपास किंवा त्याहून कमी होती. पुढें त्यांच्या मालिकेंतील कित्येक बाहुलीं माळ्यावर गेलीं, कांहीं शेजारच्या मुलांना देण्यांत आलीं, कांहीं अंगणांतील मातींत कायमचीं पुरलीं गेलीं. आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं तींच बाहुलीं शोधीत पोक्त वयाचे वकील, वैद्य, शिक्षक, कारागीर गांवोगांवचे जुने बाजार पालथे घालूं लागले. एखाद्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यासाठीं घराच्या किंमतीएवढे पैसे मोजले जाऊं लागले. असें कां झालें, याचें उत्तर केवळ 'छंदिष्टपणा' एवढ्या एका शब्दांत देऊन भागणार नाहीं. त्या उत्तरासाठीं या बाहुल्यांचा जन्म, त्यांचा अंत आणि त्यांचें पुनरुज्जीवन हीं तिन्ही पाहिलीं पाहिजेत.

बाहुलीनें मुलींनीं खेळावें, मुलांनीं नव्हे, असा समज पाश्चात्य देशांतहि फार दृढ होता. १९५९ सालीं मॅटेल कंपनीनें 'बार्बी' ही बाहुली बाजारांत आणली व तिच्या निरनिराळ्या पोशाखांवर अमाप पैसा मिळविला. तेव्हां हॅसब्रो या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेल्या ऱ्होड आयलंडमधील खेळण्यांच्या कंपनीनें विचार केला कीं, हीच युक्ति मुलांसाठीं कां योजूं नये? १९६४ सालीं तिनें 'जी. आय. जो' नांवाचा सुमारें एक फूट उंचीचा सैनिक तयार केला. त्याचे सांधे हलत, गणवेश बदलतां येई व शस्त्रास्त्रें निराळीं विकत घेतां येत. वस्तुतः ही बाहुलीच होती. परंतु तसें म्हटलें असतें तर एकाहि बापानें ती आपल्या मुलाच्या हातीं दिली नसती. म्हणून कंपनीनें 'ॲक्शन फिगर' असा नवा शब्द काढला आणि 'बाहुली' हा शब्द उच्चारावयाचा नाहीं असा दंडक आपल्या विक्रेत्यांना घालून दिला. एका शब्दाच्या आडोशानें मुलांना बाहुली खेळण्याची मोकळीक मिळाली. तेव्हांपासून हा शब्द सर्व जगांत रूढ झाला आहे.

चित्रपटावर आधारलेलीं खेळणीं मात्र त्या काळीं धोक्याचा धंदा समजलीं जात. चित्रपट चार-सहा आठवड्यांत चित्रगृहांतून उतरावयाचा. खेळण्याचे सांचे कोरून, माल परदेशांतून बनवून आणून दुकानांत मांडावयाचा म्हणजे वर्षभराची तरी तयारी हवी. माल येईपर्यंत चित्रपट लोकांच्या विस्मरणांत गेलेला असे. १९६७ सालीं 'डॉक्टर डूलिटल' या चित्रपटाच्या नांवानें काढलेल्या मालाचे ढीगच्या ढीग न खपतां पडून राहिले, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या मनांत सलत होती. मेगो नांवाच्या कंपनीनें 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटाच्या पात्रांचीं आठ इंची बाहुलीं पुढें यशस्वी रीतीनें विकलीं हें खरें. परंतु त्या चित्रपटाचे अनेक भाग निघून तो मुलांच्या मनांत आधींच ठसला होता. एका अपरिचित दिग्दर्शकाच्या, अपरिचित नटांच्या, न पाहिलेल्या चित्रपटावर पैसा लावण्यास सहसा कोणी धजत नसे.

अशा वेळीं जॉर्ज ल्यूकस या दिग्दर्शकानें 'स्टार वॉर्स' हा चित्रपट तयार करावयास घेतला. १९७३ सालच्या 'अमेरिकन ग्राफिटी' या त्याच्या चित्रपटानें चांगलें उत्पन्न दिलें होतें. त्या जोरावर तो आपला मोबदला भरपूर वाढवून मागूं शकला असता. परंतु त्यानें तसें न करतां पुढील भाग काढण्याचा हक्क आणि चित्रपटावरून निघणाऱ्या मालाचा हक्क हे दोन्ही आपल्याकडे राखून घेतले. चित्रपटसंस्थेला त्या हक्कांची किंमत कागदाच्या कपट्याएवढीहि वाटत नव्हती. तिनें ते आनंदानें सोडून दिले. व्यवहारांत एखादी वस्तु कोणी सहज देऊन टाकतो आणि तीच पुढें सोन्याची खाण ठरते, याचें याहून ठळक उदाहरण अलीकडच्या काळांत क्वचितच सांपडेल.

खेळणीं काढण्याचा हक्क प्रथम मेगो कंपनीपुढें ठेवण्यांत आला. तिनें नकार दिला. मग तो ओहायो प्रांतांतील सिनसिनाटी शहरच्या केनर कंपनीकडे गेला. तीन स्टायनर बंधूंनीं दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच काढलेली ही कंपनी १९६७ सालीं जनरल मिल्स या पीठ व न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या बड्या संस्थेच्या मालकीची झाली होती. तिचा प्रमुख बर्नार्ड लूमिस हा मोठा धोरणी व्यापारी होता. या चित्रपटांतील गंमत पात्रांत जेवढी आहे तेवढीच यानांत आहे, हें त्यानें व त्याच्या कारागिरांनीं ओळखलें. फूटभर उंचीचा वीर केला तर त्याला बसावयास लागणारें यान खाटेएवढें मोठें होईल. तें कोणाला परवडणार? म्हणून बाहुलेंच लहान करावयाचें ठरलें. लूमिसनें आंगठा व तर्जनी यांत अंतर धरून 'एवढें असूं द्या' असें म्हटलें व तें अंतर मोजतां पावणेचार इंच भरलें, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका कशीहि असो, पावणेचार इंचांच्या या मापानें खेळण्यांच्या धंद्याची घडीच बदलून टाकली. बाहुलें खिशांत मावूं लागलें, त्याची किंमत दोन डॉलरांच्या आसपास आली, आणि एका बाहुल्यावर समाधान न मानतां मुलें सबंध संचाचा हट्ट धरूं लागलीं.

२५ मे १९७७ रोजीं हा चित्रपट अमेरिकेंतील अवघ्या तीस-चाळीस चित्रगृहांत लागला आणि कांहीं दिवसांतच त्याच्या तिकिटांसाठीं रस्तोरस्तीं रांगा लागल्या. केनर कंपनी मात्र गडबडून गेली. सांचे तयार नव्हते. नाताळ सहा-सात महिन्यांवर येऊन ठेपला होता. आणि अमेरिकेंतील खेळण्यांच्या विक्रीचा मोठा हिस्सा नाताळांतच पदरांत पडतो. या पेचांतून ती रिकामी पेटी जन्मास आली. मुदत ३१ डिसेंबरपर्यंत ठेवण्यांत आली. पुढील वर्षाच्या आरंभीं टपालानें ल्यूक स्कायवॉकर, राजकन्या लेया, केसाळ च्युबाका आणि आर-टू-डी-टू हा यंत्रमानव अशीं चार बाहुलीं घरोघर पोंचूं लागलीं. १९७८ सालीं दुकानांत एकंदर बारा पात्रें आलीं. आणि त्या एका वर्षांत ४ कोटींहून अधिक नग खपले. रिकाम्या पेटीची थट्टा करणारे गप्प बसले, हें सांगावयास नकोच.

हीं बाहुलीं तशीं फार साधीं होतीं. मान, दोन हात व दोन पाय एवढेच काय ते हलत. कोपर नाहीं, गुडघा नाहीं. चेहऱ्यावरील रंग दोन-चार ठिपक्यांचा. शस्त्र म्हणजे काडीएवढें प्लॅस्टिक. मग मुलांना त्यांची एवढी ओढ कां वाटावी? याचें मुख्य कारण आजच्या पिढीच्या सहसा लक्षांत येत नाहीं. त्या काळीं चित्रपट घरीं पाहण्याची सोय सामान्य कुटुंबांत नव्हती. चित्रगृहांत पाहिला तेवढाच चित्रपट. तो उतरला कीं संपला. मुलाला ती कथा पुन्हां अनुभवावयाची असेल तर तिची सामग्री त्याच्या हातांतील बाहुल्यांतच होती. घरच्या पलंगपोसाचें वाळवंट व्हावें, जिन्याखालच्या अंधाराचें अवकाश व्हावें, आणि जे प्रसंग चित्रपटांत नव्हतेच तेहि तेथें घडावे. महाराष्ट्रांतील मुलें दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मातीचे मावळे पहाऱ्यावर उभे करतात. त्यांत शिवकाळाचा इतिहास जसाच्या तसा असतोच असें नाहीं, परंतु तो इतिहास त्या मुलांचा स्वतःचा होतो. या बाहुल्यांच्या बाबतींत अगदीं तसेंच घडलें. चित्रपट ल्यूकसचा होता. खेळ ज्याच्या त्याच्या घरचा होता.

१९७९ सालचा एक प्रसंग या इतिहासांत फार महत्त्वाचा आहे. चित्रपटाचा दुसरा भाग येण्यापूर्वीं कंपनीनें बोबा फेट नांवाच्या शिरस्त्राणधारी पात्राचें बाहुलें देऊं केलें. घेतलेल्या बाहुल्यांच्या पुठ्ठ्यावरील चार खुणेच्या चिठ्ठ्या कापून पाठवाव्या, म्हणजे तें फुकट मिळावयाचें होतें. त्याच्या पाठीवरून कळ दाबतांच एक लहानसा बाण सुटेल, अशी जाहिरात झाली होती. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या आकाशयानांतून सुटणारा असाच लहान बाण घशांत अडकून एक बालक दगावलें. सर्व देशांत हळहळ झाली, आणि मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. केनर कंपनीनें बाण सुटण्याची योजना रद्द करून तो बाहुल्याच्या पाठीस कायमचा चिकटवून टाकला व सोबत तसा खुलासा करणारी चिठ्ठी पाठविली. हजारों मुलांचा विरस झाला असेल. पण एखाद्या घरीं पाळणा रिकामा होण्यापेक्षां हा विरस पत्करला हेंच योग्य झालें. चांचणीसाठीं तयार केलेले बाण सोडणारे कांहीं थोडे नमुने तेवढे कारखान्याच्या लोकांपाशीं राहिले. ज्या वस्तूला मुलांच्या हातीं जाण्याची मनाई झाली, तीच पुढें संग्राहकांच्या स्वप्नांतील वस्तु ठरली.

१९८० सालीं दुसरा व १९८३ सालीं तिसरा भाग आला. बाहुल्यांची संख्या नव्वदांच्या वर गेली. इंग्लंडांत पॅलिटॉय या कंपनीनें तीं विकलीं. परंतु पुढें नवा चित्रपट येणार नव्हता. मुलांचें लक्ष दुसऱ्या खेळांकडे वळलें. प्रत्येक बाहुल्यासोबत एक नाणें देऊन पाहिलें, तरी खप वाढला नाहीं. १९८५ सालीं ही मालिका बंद पडली. १९७८ पासून तोंपर्यंत पंचवीस कोटींच्या वर बाहुलीं खपलीं होतीं. स्वतः केनर कंपनीहि पुढें एकामागून एक मालक बदलीत १९९१ सालीं हॅसब्रोच्या ताब्यांत गेली, आणि २००० सालीं तिचें सिनसिनाटी येथील कार्यालयहि बंद झालें.

आतां पंचवीस कोटी वस्तु ज्या जगांत खपल्या, त्या जगांत त्या दुर्मिळ कशा होतील, असा प्रश्न सहज उद्भवतो. उत्तर सोपें आहे. खेळणें हें खेळण्यासाठीं असतें. पुठ्ठा फाडल्यावांचून बाहुलें बाहेर येत नाहीं आणि फाडलेला पुठ्ठा कोणी जपून ठेवीत नाहीं. काडीएवढीं शस्त्रें पहिल्या आठवड्यांतच हरवत. मुलगा मोठा होऊन शिक्षणासाठीं परगांवीं गेला कीं आई त्याची खोली आवरी, आणि खेळण्यांची पेटी कोणा गरजूला देई किंवा अंगणांत मांडलेल्या विक्रींत थोडक्या पैशांत काढून टाकी. त्यांत तिचा दोष कांहींच नव्हता. घर आवरणें हें तिचें काम, आणि वस्तु दुसऱ्या मुलाच्या उपयोगीं पडली तर तिला समाधानच वाटावयाचें. परंतु त्यामुळें असें झालें कीं, कोट्यवधि बाहुल्यांपैकीं शस्त्रासह, रंग न उडालेलीं, पुठ्ठ्यावर जशींच्या तशीं राहिलेलीं अशीं फारच थोडीं उरलीं.

१९९० च्या सुमारास तीं मुलें मिळवतीं झालीं आणि त्यांचा शोध सुरू झाला. आरंभीं ही केवळ हौस होती. हळूहळू तिला एका शास्त्राचें स्वरूप आलें. बाहुल्याच्या पायावर बारीक अक्षरांत कोरलेला सन व देशाचें नांव संग्राहक भिंगांतून वाचूं लागले. माल हाँगकाँगमध्यें बनला, तैवानांत बनला कीं चीनमध्यें, यावरून सांच्यांची वंशावळ ठरवूं लागले. पुठ्ठ्याच्या पाठीवर बारा पात्रांचीं चित्रें असतील तर तें बाहुलें पहिल्या वर्षाचें, वीस किंवा एकवीस असतील तर त्यानंतरचें, अशी कालगणना ठरली. नाणकशास्त्राचा अभ्यासक जसा मुद्रेवरील एका अक्षराच्या फरकावरून टांकसाळ ओळखतो, तशांतलाच हा प्रकार. जावा नांवाच्या ठेंगण्या पात्राला आरंभीं प्लॅस्टिकचा झगा होता. एवढ्याशा बाहुल्याला तेवढीच किंमत द्यावयाची तर तें फार दरिद्री दिसतें असें वाटून लवकरच कापडाचा झगा देण्यांत आला. त्यामुळें प्लॅस्टिकच्या झग्याचा जावा आज भारी किंमतीचा ठरला आहे. ल्यूकच्या हातांतील तरवारीचें पहिलें रूप दोन टप्प्यांनीं लांब होई; तें त्वरितच बदललें, म्हणून त्यालाहि तसाच भाव आला. जें कमी प्रतीचें किंवा गैरसोयीचें म्हणून कारखान्यानें टाकून दिलें, तेंच संग्राहकांनीं उचलून शिरीं धरलें.

भावाचे आंकडे ऐकले म्हणजे सामान्य माणूस थक्क होतो. बाण सोडणाऱ्या बोबा फेटचा एक नमुना २०१९ सालीं लिलावांत पावणेदोन लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेला. २०२४ सालीं हातानें रंगविलेला असाच एक नमुना ५,२५,००० डॉलरांस विकला गेला. पण या आंकड्यांवरून सर्व संग्राहकांची परीक्षा करणें अन्यायाचें होईल. बहुसंख्य लोक एखादें झिजलेलें, हात सैल झालेलें बाहुलें थोडक्या किंमतींत घेतात व समाधान मानतात. अनेकांना तर नवीं कोरीं बाहुलीं नकोच असतात. जें आपल्याकडे होतें आणि गेलें, तेवढेंच त्यांना पुन्हां हवें असतें.

जेथें पैसा आला तेथें लबाडीहि आली. हरवलेल्या शस्त्रांच्या नकला, बनावट झगे, नव्यानें छापलेले जुने पुठ्ठे यांचा सुळसुळाट झाला. मग खरें-खोटें पारखून, दर्जाचा आंकडा ठरवून, कांचेसारख्या पारदर्शक पेटींत बाहुलें मोहोरबंद करून देणाऱ्या संस्था निघाल्या. परंतु नकलेहून अधिक दुःखद असा एक प्रकार याच क्षेत्रांत घडला. स्टीव्ह सॅन्सवीट हे वॉल स्ट्रीट जर्नल या वर्तमानपत्राचे बातमीदार. चित्रपट आला तेव्हां ते मूल नव्हते, तिशी उलटलेले गृहस्थ होते. सहकाऱ्यानें केराच्या टोपलींत टाकलेली चित्रपटाची निमंत्रणपुस्तिका त्यांनीं उचलून घेतली, आणि तेथून त्यांच्या संग्रहास प्रारंभ झाला. पुढें ते ल्यूकसच्या कंपनींतच नोकरीस राहिले. कॅलिफोर्नियांतील पेटालूमा येथें, जेथें पूर्वीं कोंबड्या पाळीत अशा एका जुन्या वाडींत, त्यांनीं आपला संग्रह मांडला, आणि २०११ सालीं त्याला लोकोपयोगी संस्थेचें रूप दिलें. २०१३ सालीं या विषयावरील जगांतील सर्वांत मोठा संग्रह म्हणून गिनेसच्या ग्रंथांत त्याची नोंद झाली; मोजदाद पुरी झालेल्या वस्तूच ९०,००० हून अधिक होत्या.

२०१७ च्या जून महिन्यांत सॅन्सवीट यांनीं जाहीर केलें कीं, संग्रहांतील शंभराहून अधिक मौल्यवान वस्तु चोरीस गेल्या आहेत, त्यांतील बहुतेक परस्पर विकल्या गेल्या आहेत, आणि हें कृत्य कोणा परक्याचें नसून घरीं येऊन राहणाऱ्या, अनेक वर्षांच्या मित्राचें आहे. चोरी उघडकीस आली ती दुसऱ्या संग्राहकांच्या प्रामाणिकपणामुळें. विकत घेतलेला एक नमुना सॅन्सवीट यांच्याकडचा तर नव्हे, अशी शंका येतांच घेणाऱ्यानें स्वतः होऊन चौकशी केली. आपले पैसे बुडतील हें दिसत असतांनाहि त्यानें तोंड मिटून घेतलें नाहीं. पुढें अनेकांनीं वस्तु शोधून काढण्यास मदत केली. चोराला न्यायालयापुढें उभें राहावें लागलें. सॅन्सवीट यांना वस्तु गेल्याचें दुःख होतेंच. परंतु मित्र गेल्याचें दुःख अधिक झालें, असें त्यांच्या निवेदनावरून स्पष्ट दिसतें. प्लॅस्टिकच्या बाहुल्यांच्या या इतिहासांत स्नेह, विश्वासघात व सचोटी हीं तिन्ही एकाच प्रसंगांत दिसून आलीं.

या छंदावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते सर्वच निराधार नाहींत. १९९५ सालीं कंपनीनें नव्या बाहुल्यांची मालिका काढली, व १९९९ सालीं नवा चित्रपट आला तेव्हां कित्येकांनीं पेट्याच्या पेट्या न उघडतां रचून ठेवल्या. जुन्यांना भाव आला तसा नव्यांनाहि येईल, हा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला. सगळ्यांनींच जपून ठेवलें, त्यामुळें दुर्मिळ असें कांहींच झालें नाहीं; आणि ज्या बाहुल्याशीं कोणी मूल खेळलें नाहीं, त्याची ओढ मोठेपणीं कोणाला वाटणार? जुन्या बाहुल्यांना मोल आलें तें, तीं मुलांनीं मनसोक्त वापरून हरवलीं म्हणून. खेळणें मोडण्याच्या भीतीनें मुलाच्या हातून काढून कपाटांत ठेवणाऱ्या वडिलांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत धरावी.

दुसरा आक्षेप असा कीं, हा पोरकटपणा आहे. शिल्प, चित्र, नाणीं, पोथ्या यांचा संग्रह करावा, बाहुल्यांचा काय करावयाचा? याचें उत्तर पुणें शहरांतच मिळतें. कवि 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनीं गांवोगांव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, भांडीं, दारें, बाहुल्या अशा नित्याच्या वापरांतील वस्तु जमविल्या. लोकांच्या दृष्टीनें ती माळ्यावरची अडगळ होती. अकालीं निवर्तलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनीं या संग्रहास त्याचें नांव दिलें, आणि आज महाराष्ट्रांतील घरगुती जीवनाचा इतिहास जाणून घ्यावयाचा तर त्या संग्रहालयाची पायरी चढल्यावांचून गत्यंतर नाहीं. राजांचे पराक्रम बखरींत सांपडतात. साध्या घरांतील माणसें कशानें सुपारी कातरीत आणि मुलें कशानें खेळत, हें मात्र कोणीतरी वस्तु वेंचून ठेवल्या तरच कळतें. अमेरिकेंतहि हें पटलेलें दिसतें. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील संग्रहालयानें चालविलेल्या राष्ट्रीय खेळण्यांच्या मानपटांत २०१२ सालीं या बाहुल्यांचा समावेश झाला. त्याच वर्षीं त्यांच्यासोबत मान मिळाला तो डॉमिनोच्या पुरातन सोंगट्यांना.

या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंतहि येतो. पावणेचार इंचांच्या मापाचें यश पाहून हॅसब्रोनें १९८२ सालीं आपला जुना फूटभर उंचीचा जी. आय. जो त्याच मापांत पुन्हां काढला. पुढें १९८७ सालीं एम. आर. एफ. व हॅसब्रो यांच्या सहकार्यानें निघालेल्या आणि गोमंतकांत कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीनें हे सैनिक भारतांत तयार करून विकले. मूळच्यापेक्षां त्यांचे रंग पुष्कळदां निराळे असत. ज्या भारतीय मुलांनीं त्या वेळीं ते हाताळले, त्यांना त्यांत विशेष कांहीं वाटलें नसेल. पण आज परदेशांतील संग्राहक तेच निराळे रंग हौसेनें शोधीत असतात. मुंबई-पुण्याच्या घरांतील माळ्यावर एखादा सैनिक अजून पडून असेल, तर घर आवरणाऱ्यांनीं त्याची विचारपूस करून मगच त्याला निरोप द्यावा.

असो. १९७७ च्या नाताळांत ज्या मुलांना रिकामी पेटी मिळाली, तीं आज साठीकडे झुकलीं आहेत. त्यांतील कांहींजण अजून बाहुलीं शोधतात, आणि हरवलेलें एखादें बाहुलें सांपडलें म्हणजे तें कांचेमागें न ठेवतां नातवंडांच्या हातीं देणारेहि त्यांत आहेत. त्या लहानग्यांना चित्रपट ठाऊक असतो कीं नसतो. तरी बाहुल्याचा एक हात वर होतो, पलंगपोसाचें पुन्हां वाळवंट होतें, आणि हातांतील तरवार पुन्हां एकदां कोठेंतरी हरवते. ती शोधावयास या वेळीं दोघे मिळून पलंगाखालीं वांकतात.